पेंग्विनच्या गळ्यात दावं नसतं

आमच्या भागात मला पुष्कळ लोक अजूनही 'पेंग्विन डॉक्टर' म्हणतात. चौसाळ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो की हॉटेलवाला आत ओरडतो, "पेंग्विन डॉक्टर आलेत, बिनसाखरेचा टाक." नव्या सोयऱ्यांना वाटतं, डॉक्टरांनी काहीतरी मोठं संशोधन केलेलं दिसतंय. जावयाने तर एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही दक्षिण ध्रुवावर गेला होतात का?" मी हसून त्याला भजी वाढली. या अंकाच्या संपादकांनीही ते नाव कुठूनसं ऐकलं आणि "गंमतशीर आहे, लिहाच" म्हणून मागे लागले. लिहितो. पण ते नाव ऐकलं की मला लाज वाटते, आणि का वाटते ते गमतीत सांगता येण्यासारखं नाही.

मी जिल्ह्याच्या दूध संघात जनावरांचा डॉक्टर होतो. सरकारी दवाखान्यात जनावर डॉक्टरकडे येतं, संघाचा डॉक्टर मात्र गोठ्यात जातो, एवढाच फरक. स्कूटर, गमबूट, औषधांची पेटी आणि पायांशी नायट्रोजनचं भांडं. या भांड्यात वळूचं बी काडीसारख्या नळ्यांत गोठवून ठेवलेलं असतं. बाहेर ऊन रणरणत असतं आणि झाकण उघडलं की आतून पांढरी वाफ येते, बोट लावलं तर कातडी निघेल असा गारठा. गाय माजावर आली की निरोप यायचा, मी जाऊन त्या नळीने गाय भरवायचो आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी कोपरापर्यंत हात घालून गाय गाभण आहे की नाही ते सांगायचो. घरच्या बाया मला चहाची कपबशी देण्याआधी मी कोणता हात पुढे करतोय ते नीट बघून घ्यायच्या.

पेंग्विनचं प्रकरण या भांड्यापासून सुरू झालं. धारूरकडच्या एका वाडीत करीमचाचा म्हणून शेरड्यांचे व्यापारी होते. त्यांनी हौसेने एक गाय घेतली होती. मी नळी बाहेर काढली, वाफ उसळली, आणि चाचा दोन पावलं मागे सरले.

"डाक्टरसाब, इतक्या बर्फातनं निघालेलं बी हाय हे. वासराला पुढं ऊन सोसंल का?"

मी तेव्हा हसलो. बी गोठवलेलं असतं म्हणून वासरू गारठ्याचं होत नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. पण घरी येताना मनात आलं, म्हातारा अगदीच चुकीचं बोलला नाही. ते बी ज्या वळूचं होतं त्याचे पूर्वज थंड देशातले. अंगाने मोठे, पोटात चारा आंबवायची मोठी पिंपं, दूध भरपूर, घाम कमी. अशा गाईच्या पोटातच शेगडी पेटलेली असते. थंडीत ती शेगडी तिला ऊब देते, वैशाखात तीच तिला आतून भाजते. लोकांनी संकरित गाई घेतल्या होत्या, पण गाय कुठल्या हवेसाठी घडलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं, आपण सांगायचं.

मग मी जुन्या इंग्रजी मासिकातली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. संध्याकाळी गावच्या डेअरीवर माणसं दूध घालायला जमली की मी पुठ्ठे काढायचो. पांढरं अस्वल दाखवायचो आणि सांगायचो, याचे केस वरून पांढरे दिसतात, पण खालची कातडी काळी असते, आणि चरबी इतकी की बर्फात पळालं तरी याला उकडतं. सील दाखवायचो. सगळ्यात रंगायचा तो पेंग्विनचा पाय. उघडा पाय बर्फावर ठेवून हा पक्षी महिनोन्‌महिने उभा राहतो, मग अंगातली ऊब पायावाटे निघून कशी जात नाही? लोक विचारात पडायचे. मग मी म्हणायचो, आपल्या शीतकरण केंद्रात प्लेट चिलर आहे ना? पातळ पत्र्याच्या एका बाजूने कोमट दूध जातं, दुसऱ्या बाजूने उलट्या दिशेने बर्फाचं पाणी येतं, आणि दोघांची अदलाबदल होते. पेंग्विनच्या पायात तसंच. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब देऊन टाकतं. पाय गारच राहतो, गोठण्याच्या जरा वर, आणि अंगातली ऊब अंगातच राहते. संघाच्या माणसांना हे एका दमात कळायचं. कोणीतरी म्हणायचंच, "म्हंजी देवानं आधीच चिलर बसिवला व्हता."

शेवट ठरलेला असायचा. ध्रुवावरचा तो मोठा पेंग्विन. मादी समुद्रावर गेलेली, नर पायांवर अंडं घेऊन उभा, पोटाच्या कातडीची घडी त्या अंड्यावर. पोटात अन्न नाही, अंगावरची चरबी जाळून जगायचं. एकटा उभा राहिला तर चरबी लवकर संपेल, म्हणून शेकडो नर एकमेकांना चिकटून कोंडाळं करतात. वाऱ्याच्या कडेला असलेले हळूहळू आत सरकतात, आत उबलेले कडेला येतात. सगळ्यांची बारी येते. एवढं सांगून मी थांबायचो आणि हात जोडून म्हणायचो, "मंडळी, यालाच सहकार म्हणतात."

टाळ्या पडायच्या. ते वाक्य माझं होतं आणि मला ते फार आवडायचं.

मग तो दुष्काळ आला. पाऊस सलग रुसला, विहिरींचे तळ दिसले, टँकर सुरू झाले. लोक जनावरं घेऊन रस्त्यावर आले तेव्हा संघाने पाटोद्याच्या बाजूला एका माळावर चारा छावणी उघडली. उद्घाटनाला मंडप, माइक, हार. मला वाटलं होतं की दुष्काळात तरी शाल-नारळ होणार नाही. झालं. भर चैत्रात चेअरमनसाहेबांनी माझ्या अंगावर लोकरीची शाल टाकली आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचा पेंग्विन होऊ द्या."

मी सांगितला. अंगाला घाम, गळ्यात हार, खांद्यावर शाल, आणि मी बर्फाबद्दल बोलतोय. पुढे जमिनीवर छावणीला जनावरं घेऊन आलेली माणसं बसली होती. त्यात कौसाबाई होती. ती पाटोद्याच्या आमच्या बौद्ध वस्तीतली, माझ्या माहितीत लहानाची मोठी झालेली. लग्न होऊन जवळच्याच गावात दिलेली. मी तिच्या माहेरचा माणूस, म्हणून ती मला दादा म्हणायची, बाकी सगळे डॉक्टरसाहेब. तिच्याशेजारी तिची मुलगी सुजाता, आठवीतली, दोन वेण्या घातलेली. भाषण संपल्यावर तिने हात वर केला. अशा समारंभात कोणी हात वर करत नाही.

"मंग आत लई गरम झालं तर?"

लोक हसले. मला मात्र आनंद झाला, कारण प्रश्न खरा होता आणि उत्तर मला येत होतं. मी सांगितलं, "तसं होतं बेटा. मधल्यांना फार उकडलं की कोंडाळं फुटतं. सगळी सुटी होतात, गार होतात, मग पुन्हा जवळ येतात."

"आपोआप?"

"आपोआप."

तेवढ्यात चेअरमनसाहेबांनी माइक घेतला. पत्रे कमी आले होते. दोन मांडवांची जागा आखली होती, उभा एकच राहिला होता. ते म्हणाले, "डॉक्टरांनी आपल्याला वाट दाखविली. ती पाखरं बर्फात चिकटून जगत्यात, मंग आपन कावून न्हाई? समदी जनावरं एकाच मांडवात, दाटीनं बांधू. सहकार म्हंजी हेच." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. त्यांनी माझ्या खांद्यावर, त्या शालीवर हात ठेवला. मी बसलो.

नंतर त्यांना बाजूला घेऊन मी सांगितलं की दाटी थंडीसाठी असते, उन्हात ती जीव घेते. प्रत्येक जनावर म्हणजे एक शेगडी, मधल्याला चारी बाजूंनी शेगड्या आणि डोक्यावर तापलेला पत्रा. ते शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. "डॉक्टर, कळतंय मला," ते म्हणाले. "पन मांडव एकच हाय. कुनाची जनावरं उन्हात बांधू, तुमी सांगा. तेवढी नावं द्या, तसं करतो."

नावं कोण देणार? मी म्हणालो, मग बारी लावू. सकाळी कडेची आत, आतली कडेला. ते म्हणाले, "रोज सोडून बांधायचं म्हंजी रोज भांडनं." आणि टँकरच्या मागे निघून गेले. मी बारीचा आग्रह धरला नाही. माझा सल्ला देऊन झाला होता, आणि सल्ला दिला की आपलं काम झालं असं मानायची मला नोकरीने सवय लावली होती.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते, दोन-चार गडी होते, ते आधी आले आणि त्यांनी वाऱ्याची कड धरली. चालत आलेल्यांच्या वाट्याला मधली जागा आली. कौसाबाई चालत आली होती.

तिच्या गाईचं नाव चांदी. काळीपांढरी, संकरित, गाभण. या गाईवर त्या घराचं काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. कौसाबाईचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचा. तोडीला एकटं माणूस धरत नाहीत, जोडी धरतात, तिला कोयता म्हणतात. पूर्वी कौसाबाईच त्याच्या कोयत्यात असायची आणि सुजाता खोपीवर धाकट्यांना सांभाळायची, शाळा अर्धी बुडायची. घरी दुभती गाय आल्यापासून कौसाबाई गाईसाठी मागे राहायला लागली, नवरा चुलतभावाबरोबर जाऊ लागला, आणि आई गावात राहिली म्हणून सुजाताही शाळेत राहिली. गाय होती तोवर शाळा होती. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उन्हं वाढली तशी मधली जनावरं धापा टाकायला लागली. चांदीची जीभ बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा गळायच्या, मान पुढे लांबवून ती वारा शोधायची. मी येता-जाता औषधं द्यायचो, पाणी मारायला सांगायचो. पण पाणी माणसांनाच पुरत नव्हतं. एके दिवशी कौसाबाईने मला थांबवलं. आवाजात राग नव्हता.

"दादा, त्या पाखरांची बारी येती म्हणाले व्हते तुमी. आमची कवा येनार?"

"येईल, कौसाक्का," मी म्हणालो.

"मंग सुटी तरी करा न हिला," सुजाता म्हणाली. "ती पाखरं व्हत्यात तशी. हिला आपोआप सुटं व्हता येत न्हाई, दावं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, चांदीचं दावं स्वतःच्या हाताने सोडलं आणि तिला कडेच्या खुंट्याला आणून बांधलं. तिथे एका संचालकाच्या पुतण्याचे, बापूचे, दोन दणकट खिलार बैल होते. त्यातला एक मी आत नेला. खिलार हे आपल्याच उन्हातलं जनावर, अंगाला सैल कातडी, घाम सुटतो, त्याला मधली जागा एखादा दिवस सहज सोसली असती. डॉक्टर म्हणून माझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. गाय कडेला आली, वारा लागला, तिने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने रवंथ सुरू केला. मला बरं वाटलं.

तेवढ्यात बापू आला.

"काय बे डॉक्टर, माहेरची मानसं वाऱ्याला अन्‌ आमी आत व्हय?"

'बे' हा शब्द आमच्याकडे दोस्तीत चालतो. तो दोस्तीत बोलत नव्हता. माणसं गोळा झाली. मी त्याला शरीरशास्त्र सांगू लागलो, थंड देशाचं रक्त, पोटातली शेगडी वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "संघाची छावनी हाय ही. ह्यांच्या वस्तीची न्हाई."

मी नोकरीत लागल्यापासून एका गोष्टीला जपत आलो होतो. आपल्या माणसांना झुकतं माप देतो असं कोणी म्हणायला नको. आमच्या वस्तीतली गाय आजारी असेल तर मी मुद्दाम आधी दुसरीकडे जायचो. कोणी तसं मागितलं नव्हतं, मीच स्वतःला घालून घेतलेला नियम होता, आणि मी त्याला प्रामाणिकपणा म्हणायचो. त्या सकाळी शंभर डोळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, एवढ्या वर्षांचं नाव एका गाईपायी जाणार. शरम वाटली. चुकीच्या गोष्टीची शरम वाटली, पण ती चुकीची होती हे नंतर कळलं.

मी चांदीचं दावं सोडलं आणि तिला पुन्हा मधल्या खुंट्याला नेऊन बांधलं. बापूनेही हात लावला नाही, कौसाबाईनेही नाही. ते काम मी एकट्याने केलं. कौसाबाई बघत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. तुमाला तरास नको." मला तिने शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

मग एका अडलेल्या म्हशीचं बोलावणं आलं आणि मी स्कूटर काढली. जाताना मनात आलं, बरं झालं, इथून निघायला मिळालं.

उन्हं कलताना परत आलो तेव्हा चांदी आडवी झाली होती. थर्मामीटरचा पारा टोकाला गेला. मी ओरडलो, पाणी आणा. आणि त्या छावणीतल्या बाया, ज्या घागरीभर पाण्यासाठी सकाळपासून टँकरशी उभ्या होत्या, त्या आपापल्या घागरी घेऊन धावल्या. बापूचा गडीही बादली घेऊन आला. कोणी कान भिजवले, कोणी पाय, कोणी पदराने वारा घातला. आजूबाजूची जनावरं भराभर सोडली, मोठं रिकामं रिंगण झालं. दावी सुटली होती, वारा खेळत होता. उशीर झाला होता. चांदी गेली, पोटातलं वासरूही गेलं. कौसाबाईने तिच्या गळ्यातलं दावं हळूच काढून घेतलं, झटकलं, त्याचं वेटोळं केलं आणि सुजाताच्या हातात दिलं. मी बाजूला उभा होतो आणि माझ्या हातात थर्मामीटर होता.

दुसऱ्या दिवसापासून चेअरमनसाहेबांनी बारी सुरू केली. सकाळी कडेची आत, आतली कडेला. बापूने आपले बैल आपल्या हाताने आत नेले. एकही भांडण झालं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मी आधी पाय रोवून उभा राहिलो असतो तर तेव्हाही झालं नसतं. झालं असतं तरी एका भांडणाने कोणी मरत नाही. पावसाळ्यात छावणी उठली तेव्हा संघाच्या सभेत 'पेंग्विन पद्धती'ने जनावरं वाचवल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. मी उभं राहून तो मागे घ्यायला लावला. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

कौसाबाईच्या घरी मी गेलो होतो. संघाकडून दुसरी गाय मिळवून देतो म्हणालो. तिने पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाली, "आता न्हाई दादा. कोयत्याचं ठरलंय." सुजाता तिथेच होती. तिने वह्या-पुस्तकं ट्रंकेत घातली होती आणि ट्रंकेला कुलूप होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी चौसाळ्याकडे निघालो होतो. हवेत चांगलाच गारवा पडला होता. कपाटात हाताला लागली ती शाल मी अंगाभोवती गुंडाळली होती, उद्घाटनाचीच शाल. फाट्यावर ऊसतोडीचा ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. भांडी, पत्रे, सरपण, कोंबड्या, आणि वर माणसं एकमेकांना चिकटून बसलेली. मी स्कूटर हळू केली आणि तेवढ्यात वरून हाक आली, मोकळ्या, खूश आवाजात.

"पेंग्विन डॉक्टर! आये, बघ, पेंग्विन डॉक्टर!"

सुजाता होती. अगदी कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी बसलेली, हात हलवत. ट्रॉलीतल्या सगळ्या पोरांनी ते नाव उचललं आणि माझ्या दिशेने ओरडायला लागली. पोरं हंगामानंतर गावोगाव परतली तशी ते नाव घेऊन परतली. तिने ते कौतुकाने ठेवलं होतं. तिला माझं भाषण आवडलं होतं, इतकंच.

मी हात वर केला. शाल उतरवून द्यावी असं वाटलं. हात शालीकडे गेलाही, पण एवढ्या माणसांत एकीलाच कशी द्यायची, लोक काय म्हणतील, असं तेव्हाही मनात आलं. तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. वारा सुटला तशी कौसाबाई उठली, हलत्या ट्रॉलीत भांड्यांना धरत कडेला आली, पोरीला दंडाला धरून तिने माणसांच्या मध्ये सरकवलं आणि तिच्या जागी स्वतः वाऱ्याला पाठ देऊन बसली. पदर कानांवर घेतला. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, निघते दादा, अशी.

मी शाल गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभा होतो.